७० माणसं आणि ४३ रोल, परमिशनचा हा गुंता सोडवायचा कसा?

शाईपेन (प्रश्न)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

मी एका ऑफिसातली सिस्टिम सांभाळते, साधारण ७० लोक रोज लॉगिन करतात. दोन गोष्टी आहेत, एक लिनक्सवरचा फाईल सर्व्हर, सांबातून (नेटवर्कवर फोल्डर वाटणारं सॉफ्टवेअर) सगळ्यांना फोल्डर दिसतात, आणि दुसरं आमच्याच लोकांनी लिहिलेलं वेब ॲप, त्यात ऑर्डरी, बिलं, पगार, रजा सगळं. माझ्या आधी ही कामं जे बघायचे त्यांनी ज्याने मागितलं त्याला त्या त्या वेळी राइट्स देऊन टाकलेत. का दिले, कोणी सांगितलं म्हणून दिले, कधीपर्यंत दिले, कशाचीच नोंद नाही. ॲपमध्ये सुरुवातीला म्हणे ५ रोल (म्हणजे राइट्सचे नाव दिलेले गठ्ठे) होते, आज ४३ आहेत. "अकाउंट्स शाखा २ बघणे", "अकाउंट्स शाखा २ बघणे व प्रिंट", "अकाउंट्स शाखा २ व ४", असले. काही रोलमध्ये तर एकच माणूस आहे. सर्व्हरवर जिथे काही अडलं तिथे ७७७ (म्हणजे कोणीही वाचा, लिहा, चालवा) मारून ठेवलंय.

मागच्या महिन्यात एक जण माझ्याकडे आला, दीड वर्षापूर्वी पगाराच्या टीममधून खरेदीत गेलेला, आणि म्हणाला की मला अजून सगळ्यांचे पगार दिसतात, जरा बंद करा. तो प्रामाणिक म्हणून सांगायला आला. असे अजून किती असतील हे मला कोणी विचारलं तर मला उत्तर देता येत नाही, आणि तेच मला फार खातंय.

वाचायला गेले की डॅक, मॅक, आरबॅक, अबॅक अशी परमिशन देण्याच्या पद्धतींची नावं येतात आणि शेवटी सगळे अबॅक आधुनिक आहे म्हणतात. तर रोल टाकून देऊन अबॅककडे जाऊ का? आणि ते ७७७ कुठून आवरायला घेऊ?

रात्रपाळी

रोल टाकून देऊ नका. तुमचा त्रास रोलमुळे नाहीये, रोलच्या नावात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यामुळे आहे. ते सांगतोच, पण आधी ती चार नावं थोडक्यात, म्हणजे भीती जाईल.

डॅक म्हणजे ज्याची फाईल तो ठरवणार कोणाला द्यायची, लिनक्सचे नेहमीचे परमिशन हेच. मॅक म्हणजे नियम सिस्टिमचा, फाईलच्या मालकालाही तो वाकवता येत नाही, लिनक्सवरचं एसईलिनक्स त्यातलं. आरबॅक म्हणजे माणसाला थेट काही द्यायचं नाही, रोलला द्यायचं आणि माणसाला रोलमध्ये बसवायचं, फेरायोलो आणि कून या संशोधकांनी हे १९९२ मध्ये नीट मांडलं आणि २००४ मध्ये त्याचं अमेरिकन स्टँडर्ड झालं. अबॅक म्हणजे माणसाचं खातं (डिपार्टमेंट), शाखा, वेळ, डेटाचा प्रकार असे गुण बघून नियम त्या क्षणी हो की नाही ठरवतो.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक साधा तक्ता आहे, संगणकशास्त्रज्ञ लॅम्पसनने १९७१ मध्ये मांडलेला, आणि माझ्या मते तुमचं दुखणं त्यातच दिसतं. प्रत्येक माणसाची एक आडवी ओळ, प्रत्येक वस्तूचा एक उभा रकाना, आणि चौकटीत त्या माणसाला त्या वस्तूचं काय करता येतं ते. आता हा तक्ता रकान्या-रकान्याने कापला, म्हणजे प्रत्येक फोल्डरपाशी त्याची यादी ठेवली, की ती ॲक्सेस कंट्रोल लिस्ट, म्हणजेच एसीएल. मग "हा फोल्डर कोणाला उघडतो" याचं उत्तर लगेच मिळतं, पण "हा माणूस काय काय उघडू शकतो" हे विचारलं की जगातले सगळे फोल्डर फिरावे लागतात. तुमच्याकडे माणूस खातं बदलतो तेव्हा नेमका हा दुसरा प्रश्न विचारायचा असतो आणि तुमची व्यवस्था फक्त पहिल्याचं उत्तर देते. माणूस आणि वस्तू यांच्या मधे रोल किंवा ग्रुप आला की ओळ पुन्हा वाचता येते, माणूस ४ ग्रुपमध्ये आहे म्हणजे ४ ठिकाणी बघायचं, संपलं. फक्त पथ्य एकच, ग्रुपला सोडून कोणाला थेट काहीही द्यायचं नाही, एकदा अपवाद केला की ओळ वाचता येणं गेलंच समजा.

आता ४३ चं. "अकाउंट्स शाखा २" मध्ये काम आहे अकाउंट्सचं, आणि शाखा ही त्या कामाची हद्द आहे. दोन्ही एका नावात कोंबलं की गुणाकार होतो, ६ कामं आणि ५ शाखा म्हणजे ३० रोल, त्यात बघणे वेगळं आणि बदलणे वेगळं केलं की ६०. तेच वेगळे ठेवले तर ६ रोल आणि ५ शाखा, म्हणजे ११ गोष्टी सांभाळायच्या. टेबल असं करा की माणूस, रोल, शाखा या तिघांची मिळून एक नोंद. अमुक माणूस शाखा २ आणि ४ साठी अकाउंट्स, दोन नोंदी. झालं. नवीन शाखा आली तर नवीन रोल लागत नाही.

बिंदुरेषा

रात्रपाळी यांनी छान लिहिलंय, मी फक्त अबॅकबद्दल बोलते कारण मी त्या वाटेने जाऊन परत आलेय.

आम्ही दोन वर्षांपूर्वी सगळं नियमांवर नेलं होतं. पहिले तीन महिने मस्त वाटलं, कोणाला हाताने राइट्स द्यायला नको, खातं बदललं की ॲक्सेस आपोआप बदलतो. मग लक्षात आलं की नियम ज्या माहितीवर चालतात ती माहितीच वेळेवर भरली जात नाही. माणूस महिन्यापूर्वी दुसऱ्या टीममध्ये बसायला लागला, कर्मचाऱ्यांच्या नोंदीत मात्र अजून जुनंच खातं, तर नियम अगदी बरोबर चालून चुकीचा दरवाजा उघडतो. आणि "हे कोणाला दिसतं" असं ऑडिटवाल्यांनी विचारलं तेव्हा आम्हाला प्रत्येक माणसासाठी नियम चालवून बघावा लागला, कारण यादी अशी कुठे नव्हतीच.

शेवटी आम्ही रोलच ठेवले आणि त्यावर दोनच अटी लावल्या, शाखा जुळली पाहिजे आणि बिल लॉक झालेलं नसलं पाहिजे. म्हणजे खरं तर रात्रपाळी म्हणतायत ती शाखाही एक गुणच झाला, अबॅकचा छोटासा तुकडा. तेवढाच घ्या. ७० माणसांना पुरतो.

टर्मिनलवाला

फाईल सर्व्हरचं मी सांगतो, हे काम मी बऱ्याच वेळा केलंय आणि घाईत वाट पण लावलीये.

आधी काहीही बदलू नका. पहिली पायरी म्हणजे आत्ता जे आहे त्याचा फोटो काढून ठेवणे. गेटएफएसीएल (परमिशन वाचून दाखवणारी कमांड) रिकर्सिव्ह, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरसकट, चालवा आणि आउटपुट एका फाईलमध्ये ठेवा, नंतर काही बिघडलं तर सेटएफएसीएलच्या रिस्टोअरने ते परमिशन परत बसवता येतात. हे न करता मी एकदा वरच्या फोल्डरवर एकच कमांड मारली होती आणि पुढचा सगळा दिवस लोकांच्या हाका ऐकत बसलो. मग फाइंडने "इतरांना लिहिता येतं" अशा फाईल आणि फोल्डरची यादी काढा. ती यादी बघितल्यावर कळेल की ७७७ नेमकं कुठे आहे, माझ्या अनुभवात ते ठराविक फोल्डरमध्येच गोळा झालेलं असतं.

आता एक गोष्ट जी खूप जणांना माहीत नसते. वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १, आणि तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप आणि इतर, हे सगळे पाठ करतात, पण फोल्डरवर या आकड्यांचा अर्थ वेगळा आहे. फोल्डरवर "लिहिणे" म्हणजे त्यातली नावं घालणे-काढणे, आणि "चालवणे" म्हणजे त्यातून आत जाऊ देणे. त्यामुळे फाईल ६०० आहे म्हणून तुम्ही निवांत असाल, पण ती ज्या फोल्डरात आहे तो ७७७ असेल तर कोणीही ती फाईल डिलीट करू शकतो, वाचता येणार नाही पण उडवता येईल आणि त्याच नावाची दुसरी ठेवता येईल. टेंप फोल्डर १७७७ असतो तो याचसाठी, सुरुवातीचा १ म्हणजे स्टिकी बिट, ज्याची फाईल त्यानेच (किंवा फोल्डरच्या मालकाने, किंवा रूटने, म्हणजे सिस्टिमच्या ॲडमिनने) काढायची.

७७७ काढताना रिकर्सिव्ह ७५५ मारू नका, सगळ्या कागदपत्रांना चालवायची परवानगी मिळून जाईल आणि इतरांना वाचता येईल ते येईलच. फोल्डर आणि फाईल वेगवेगळ्या हाताळा किंवा चमॉडमध्ये (परमिशन बदलायची कमांड) आधी एक्स, म्हणजे चालवायची परवानगी, काढून मग मोठा एक्स वापरा, तो फोल्डरला आणि आधीच चालवता येणाऱ्या फाईललाच एक्स लावतो. प्रत्येक खात्याच्या फोल्डरला २७७० द्या, सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी, आत नवीन काही बनलं की त्याला फोल्डरचाच ग्रुप लागतो, बनवणाऱ्याचा स्वतःचा ग्रुप नाही. ७७७ मारायची वेळ बहुतेक वेळा इथेच येते, एकाने फाईल बनवली, ग्रुप त्याचा स्वतःचा लागला, शेजारच्याला उघडेना, मग कंटाळून ७७७. सोबत डिफॉल्ट एसीएल लावा म्हणजे नवीन फाईलला ग्रुपचे राइट्स पण येतील. एसीएल लावलेल्या फाईलवर नंतर साधा चमॉड मारू नका, त्यातला मधला आकडा ग्रुपला न लागता मास्कला (या राइट्सची कमाल मर्यादा) लागतो आणि नावाने दिलेले राइट्स गुपचूप कमी होतात. गेटएफएसीएलमध्ये "इफेक्टिव्ह" लिहून येतं तिकडे बघायची सवय लावा.

आणि यूजरमॉडने ग्रुपमध्ये घालताना छोटा ए विसरू नका. तो नसला की दिलेला ग्रुप सोडून बाकीच्या जादा ग्रुपमधून माणूस बाहेर. घातल्यावर त्याला लॉगआउट करून परत लॉगिन करायला सांगा, ग्रुप लॉगिनच्या वेळीच वाचले जातात. "राइट्स दिले तरी उघडत नाही" ही तक्रार अर्ध्या वेळा एवढ्यावरच मिटते. सांबाबद्दल एकच, सांबाने हो म्हटलं तरी खाली लिनक्स नाही म्हणत असेल तर नाहीच, दोन्हीकडे हो लागतं.

शाईपेन

बापरे, टर्मिनलवाला, तुमचं वाचून लगेच यादी काढली. सुमारे ११ हजार फाईल आणि फोल्डर निघाले, पण तुम्ही म्हणालात तसंच, जवळजवळ सगळे तीनच वरच्या फोल्डरच्या पोटात. आता भीती कमी झाली.

रात्रपाळी आणि बिंदुरेषा, रोल आणि शाखा वेगळे करायचं एकदम पटलं. एक विचारायचं होतं, ॲपमध्ये ज्याला रोल नाही त्याला मेनूत ते बटणच दिसत नाही, म्हणजे तेवढं सुरक्षित धरू का? डेटाबेस पोस्टग्रेस आहे. आणि दुसरं, आमचे वरिष्ठ म्हणतात मला सगळं दिसलंच पाहिजे, त्यांना ॲडमिन करून ठेवलंय. त्यांना नाही कसं म्हणू?

चाचणीवाली

नाही, बटण लपवणं म्हणजे सुरक्षा नाही, कृपा करून तेवढ्यावर थांबू नका.

माझं काम ॲप तपासायचं आहे, आणि नवीन ॲप हातात आलं की मी पहिल्यांदा काय करते सांगते. साध्या यूजरने लॉगिन करायचं, स्वतःचं काहीतरी उघडायचं, ॲड्रेसमधला नंबर बदलायचा. एकदा पगाराची स्लिप उघडली होती, नंबर एकने वाढवला आणि दुसऱ्याच बाईंची स्लिप समोर आली, पूर्ण नाव, पूर्ण रक्कम. मेनूमध्ये अर्थातच तसं काही दिसत नव्हतं, लिहिणाऱ्याला वाटलं होतं जे दिसत नाही तिथे कोणी जाणार नाही. हा प्रकार इतका सर्रास आहे की वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत मोडकं ॲक्सेस कंट्रोल पहिल्या नंबरला आलं, २०१७ मध्ये ते पाचवं होतं.

सर्व्हरने प्रत्येक विनंतीला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. या माणसाला बिलं बघता येतात का, आणि हे बिल त्याच्या हद्दीतलं आहे का. पहिला बहुतेक जण विचारतात, दुसरा राहतो. सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच हे लिहून ठेवलंय, प्रत्येक वेळी तपासा आणि स्पष्ट परवानगी नसेल तर उत्तर नाहीच असू द्या. म्हणून तपासणी एकाच ठिकाणी ठेवा, प्रत्येक पानावर वेगळा इफ लिहिला की ५० पैकी एका पानावर तो राहणार, आणि नेमकं तेच सापडणार. कोणी नवीन पान लिहिलं आणि तपासणी लावायला विसरला तर ते पान उघडलंच नाही पाहिजे, म्हणजे विसरलेलं त्याच दिवशी कळतं.

पोस्टग्रेस आहे तर आनंद आहे, त्यात ९.५ पासून ओळींवर पॉलिसी लावता येते, रो लेव्हल सिक्युरिटी. शाखा २ चा माणूस असेल तर शाखा २ च्याच ओळी येतील, क्वेरी लिहिणारा अट विसरला तरी. पण एक मेख आहे आणि ती माहीत नसल्यामुळे लोक फसतात. टेबलचा जो मालक आहे त्याला ही पॉलिसी लागू होत नाही, तो सगळं बघतो, जोपर्यंत तुम्ही फोर्स लावत नाही. सुपरयूजरला तर फोर्स लावूनही होत नाही. आणि बरीच ॲप टेबलच्या मालकाच्याच लॉगिनने डेटाबेसला जोडलेली असतात! पॉलिसी लिहिली, चाचणी केली नाही, आणि ती कधी लागलीच नाही, असं मी स्वतः पाहिलंय. ॲपसाठी वेगळं, कमी अधिकाराचं लॉगिन करा.

आणि रोलची टेस्ट लिहा. प्रत्येक रोलने प्रत्येक गोष्ट करून बघायची, आणि जे *होऊ नये* ते होत नाही ना हे जास्त तपासायचं. होणारं काम बंद पडलं तर लोक ओरडून सांगतात, न होणारं व्हायला लागलं तर कोणी सांगत नाही, तुमच्याकडे तो एक माणूस आला हे खरंच नशीब.

जुनाजाणता

वरिष्ठांचं मी सांगतो, हा प्रसंग माझ्यावर तीनदा आलाय.

"सगळं दिसलं पाहिजे" आणि "सगळं बदलता आलं पाहिजे" आणि "कोणाला काय द्यायचं ते ठरवता आलं पाहिजे" या तीन वेगळ्या मागण्या आहेत. बोलताना तिन्हीला ॲडमिनच म्हणतात. त्यांना शांतपणे विचारा यातलं नेमकं काय हवंय. माझ्याकडे तिन्ही वेळा उत्तर "बघायचंय" हेच आलं. मग सगळ्या शाखांसाठी फक्त-बघणे रोल द्या, काम झालं, मानही राहतो. नाही म्हणायची गरजच पडत नाही. आणि त्यांना हेही सांगा की त्यांच्या लॉगिनचा पासवर्ड कोणाच्या हाती लागला तर आज त्या माणसाला सगळं ऑफिस उघडं आहे, उद्या फक्त वाचता येईल. हे त्यांच्याही भल्याचं आहे आणि ते समजतात.

बिल बनवणारा आणि मंजूर करणारा एकच नको, हे रोलमध्येच बसवा. दोन रोल एका माणसाला एकत्र देताच येणार नाहीत अशी अट टाका. छोट्या टीममध्ये माणसं कमी म्हणून जमत नसेल तर निदान स्वतः बनवलेलं बिल स्वतःला मंजूर करता येऊ नये, एवढं तरी.

आता तुमचा खरा प्रश्न, तो दीड वर्षं राहून गेलेला ॲक्सेस. नोकरी सोडून जाणाऱ्याचं लोक लक्षात ठेवतात, खातं *बदलणाऱ्याचं* कोणी ठेवत नाही, कारण त्याला नवीन राइट्स हवे असतात म्हणून तो तुमच्याकडे येतो आणि जुने काढा असं कोणीच म्हणत नाही. दहा वर्षं तीन खात्यांत फिरलेल्या माणसाकडे तिन्ही खात्यांच्या किल्ल्या. आम्ही नियम केला, बदली झाली की आधी सगळं काढायचं आणि नवीन खात्याचा रोल द्यायचा, जणू आजच नोकरीला लागला. हस्तांतरणाचे काही दिवस जुनं लागत असेल तर जुन्या रोलवर शेवटची तारीख टाकून द्यायचं, १५ दिवसांनी आपोआप बंद. शेवटची तारीख, कोणी मागितलं आणि कशासाठी, हे तीन रकाने तुमच्या त्या माणूस-रोल-शाखा टेबलात आजच टाका. नंतर टाकता येतात पण नंतर भरायला माहिती नसते.

दर तीन महिन्यांनी यादी खातेप्रमुखाला पाठवतात ना, "यांचे राइट्स बरोबर आहेत का", त्यावर फार विसंबू नका, ७० नावांची यादी आली की माणूस सगळ्यावर बरोबरची खूण करून परत पाठवतो. आम्ही शेवटचं कधी वापरलं ती तारीख सोबत द्यायला लागलो आणि ९० दिवसांत न वापरलेलेच राइट्स दाखवायला लागलो. यादी छोटी झाली, मग लोक खरंच वाचायला लागले.

अजून एक, अकाउंट बंद केलं म्हणजे माणूस बाहेर गेला असं नाही. त्याचं चालू सेशन तसंच राहू शकतं, आणि ॲप टोकन (लॉगिनवेळी दिलेला, सही केलेला पास) वापरत असेल, सर्व्हर प्रत्येक वेळी डेटाबेस न बघता फक्त टोकनची सही तपासत असेल, तर टोकनची मुदत संपेपर्यंत तो आतच आहे. मुदत ८ तासांची असेल तर ८ तास. मुदत छोटी ठेवा आणि सेशन तोडायची सोय ठेवा. आणि माणसांची नसलेली लॉगिनं, रात्री बॅकअप घेणारं, रिपोर्ट पाठवणारं, तीही यादीत घ्या, त्यांना कोणी मालक नसतो म्हणून तीच सगळ्यात जास्त वर्षं जगतात.

बिंदुरेषा

जुनाजाणता यांच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. आमच्याकडे रिपोर्टच्या लॉगिनचा पासवर्ड चार जणांना पाठ होता, त्यातले दोघे सोडून गेलेले. त्या लॉगिनला सगळी टेबलं वाचता येत होती. आता त्याला रिपोर्टला लागणारी पाचच टेबलं दिसतात आणि पासवर्ड माणसाला माहीत नाही.

शाईपेन

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, दोन आठवडे झाले म्हणून काय झालं ते लिहिते.

४३ चे ७ रोल झाले, शाखा वेगळ्या. तीन माणसं कशातच बसेनात, त्यांच्यासाठी वेगळा रोल न करता दोन-दोन रोल दिले आणि त्यातल्या एकावर शेवटची तारीख टाकली. खातं बदलून गेलेले अजून ६ जण सापडले, त्यातल्या दोघांना पगार दिसत होते. वरिष्ठांना विचारलं, त्यांना खरंच फक्त बघायचं होतं, उलट म्हणाले त्या बदलायच्या बटणाची मला भीतीच वाटायची चुकून दाबलं जाईल म्हणून.

चाचणीवाली, तुमची मेख आमच्याकडे तंतोतंत होती, ॲप टेबलच्या मालकाच्या लॉगिनने जोडलेलं. वेगळं लॉगिन केलं, पॉलिसी लावली, आणि लगेच दोन रिपोर्ट रिकामे यायला लागले, कारण ते रात्री चालतात तेव्हा शाखा कुठलीच सेट नसते. ते दुरुस्त केलं. नंबर बदलून पण बघितलं, रजेच्या अर्जावर उघडलं, बाकी ठिकाणी नाही. तेही बंद झालं.

आणि रोलची यादी काढताना सगळ्यात वर माझंच नाव आलं. रोज ईमेल बघायला, ब्राउझर उघडायला मी जे लॉगिन वापरते तेच सगळीकडचं ॲडमिन, पगारासकट, आणि ते मी कधी मागितलेलं पण नव्हतं. आता माझी दोन अकाउंट आहेत, रोजच्याला फक्त रजा आणि स्वतःची स्लिप दिसते, ॲडमिनचं वेगळं, त्याला दुसरा कोड लागतो आणि त्याने केलेला प्रत्येक बदल माझ्या सहकाऱ्याच्या इनबॉक्समध्ये जातो. सर्व्हरचे तीनपैकी दोन फोल्डर आवरलेत, खरेदीचा राहिलाय, त्याचा गेटएफएसीएल आज रात्री काढून ठेवते आणि शनिवारी कोणी नसताना करते.

टर्मिनलवाला

शनिवारी करताय ते उत्तम. रिस्टोअर आधी एखाद्या छोट्या कॉपीवर चालवून बघा, आणि गेटएफएसीएलच्या आउटपुटची फाईल त्याच फोल्डरच्या आत ठेवू नका. गेटएफएसीएल ज्या जागेवरून चालवलं त्याच जागेवरून रिस्टोअर चालवायचं, आत पाथ रिलेटिव्ह, म्हणजे त्या जागेपासूनचे असतात.